पेल्याला लागलेलं पाणी

"दोन्ही पेल्यांत सारखंच पाणी आहे ना?" मी विचारलं.

मालन किर्वेनं वाकून, डोळा पेल्याच्या काठापाशी आणून दोन्ही पेले तपासले. आधी उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा. इतकी कसून तपासणी त्या दिवशी दुसऱ्या कुणी केली नव्हती. मग ती सरळ बसली आणि म्हणाली, "हाय."

मी उजव्या पेल्यातलं पाणी तिच्यादेखत एका उंच, अरुंद ग्लासात ओतलं आणि रिकामा पेला बाजूला ठेवला.

"आता? ह्या उंच ग्लासात जास्त पाणी आहे, कमी आहे, की त्या पेल्याइतकंच आहे?"

"कमी."

माझी पेन्सिल थांबली. सकाळपासून "जास्त" म्हणणारी मुलं पुष्कळ आली होती, "सारखं" म्हणणारीही काही आली होती. "कमी" म्हणणारं हे पहिलंच पोर. माझ्या पुस्तकात "कमी" ह्या उत्तराचा उल्लेखसुद्धा नव्हता.

"नीट बघ हं. पाणी कुठवर आलंय बघ."

तिनं पाण्याकडे पाहिलंच नाही. बाजूला ठेवलेल्या रिकाम्या पेल्याकडे पाहिलं आणि मान हलवून म्हणाली, "कमीच हाय."

मी फुली मारली.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यातली. मी बावीस वर्षांची होते, पुण्याहून बालमानसशास्त्राची पदविका घेऊन नुकतीच बाहेर पडले होते, आणि मुलांच्या डोक्यात काय चालतं हे मला मुलांपेक्षा जास्त कळतं अशी माझी खात्री होती. नदीकाठच्या एका लहानशा पेठेत एका शिक्षणसंस्थेची शाळा होती. पहिलीला जागा चाळीस आणि अर्ज बावन्न. मुलं निवडायला मला नेमलं होतं. माझ्याकडे एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात पेले, बटणं, मातीचे गोळे आणि चित्रांचे पत्ते. आल्यापासून दोन दिवसांत पेठेतल्या पोरांनी माझं नाव पेटीबाई ठेवलं होतं.

पेटीबरोबर एक हिरवं पुस्तक होतं. त्यात एका स्विस पंडिताचा सिद्धांत मराठीत समजावून दिला होता. लहान मूल डोळ्यांना दिसेल तेच खरं मानतं. पाणी उंच चढलं की त्याला ते जास्त वाटतं. मोठं झाल्यावर त्याला उमगतं की भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं. बिचाऱ्या पंडितानं हे मुलं समजून घेण्यासाठी लिहिलं होतं. आमच्या संस्थेच्या पुण्यातल्या सल्लागारांनी त्यातून सहा प्रश्नांची चाळणी बनवली. चार प्रश्न बरोबर आले तर प्रवेश, नाही तर पुढच्या वर्षी.

माझ्या आधी मुख्याध्यापिका इनामदारबाई स्वतःच मुलं निवडत. मुलानं उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. हात कानाला पोचला तर मूल शाळेजोगं, नाही पोचला तर घरी. ही पद्धत ऐकून मी त्यांच्यासमोरच हसले होते. बाई रागावल्या नाहीत. बशीतला चहा संपवून एवढंच म्हणाल्या, "आमच्यात निदान पेटी लागत नव्हती."

मालनला तीन फुल्या पडल्या. पाण्याची एक. दुसरी मोजण्याची: पाच बटणं मोजायला सांगितली तर तिनं सुरुवातच "लाभ, दोन, तीन" अशी केली. हिला एक हा आकडाच येत नाही, असं मी शेऱ्यात लिहिलं. तिसरी चित्रांची: बैल, मांजर, कावळा आणि आंबा. यातलं वेगळं कोणतं? उत्तर आंबा. तिनं ठामपणे बैलावर बोट ठेवलं. सहापैकी तीन.

तिची आई पारूबाई बाहेर व्हरांड्यात बसली होती. पेठेत त्यांचा शेंगतेलाचा घाणा होता. पदराला तेलाचा वास येत होता. मी तिला समजावलं, घाबरायचं कारण नाही, मूल अजून तयार झालेलं नाही एवढंच, पुढच्या वर्षी आणा.

"बाई, थोरलीला बी असंच म्हणाले व्हते," पारूबाई म्हणाली. "तिचा हात कानाला पोचला न्हाई. म्हणाले, पुढल्या वर्षाला आणा. तवर धाकटा झाला, घरात काम वाढलं. त्ये पुढलं वर्स काय आलंच न्हाई. नऊ वर्सांची झाली आता ती."

"मग हिला सरकारी शाळेत घाला."

"ती नदीपल्याड. दोन मैल. ह्यांचं म्हणणं, पोरीच्या जातीला एवढ्या लांब कशाला?" ती उठली आणि मालनचा हात धरून म्हणाली, "चल. बाईंचं काम हाय ते. त्यांच्यावर राग धरू नगं."

मालन माझ्यावर मुळीच रागावलेली नव्हती. जाता जाता तिनं माझ्या पेटीकडे मात्र पुन्हा एकदा निरखून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, घरमालकिणीनं मला बरणी देऊन तेल आणायला पाठवलं. पेठेत घाणा एकच. मी नाइलाजानं तिकडे वळले.

मधोमध लाकडी घाणा, त्याभोवती डोळ्यांवर झापड बांधलेला बैल फिरत होता. एका कोपऱ्यात मालनचे वडील शेंगदाण्याच्या ढिगापाशी बसून मापानं पोतं भरत होते. पहिलं माप पोत्यात गेलं आणि ते म्हणाले, "लाभ." दुसरं गेलं, "दोन." तिसरं, "तीन."

मी दारातच उभी राहिले.

"पारूबाई, हे एक का म्हणत नाहीत?"

"मापाला कोण एक म्हणतं, बाई? पयलं माप लाभाचं. तुमच्याकडं न्हाई म्हणत?"

आमच्याकडे माप घालायची वेळच कधी आली नव्हती. आमच्याकडे सगळं वाण्याच्या पुडीतून यायचं. मी बरणी पुढे केली. पारूबाईनं नरसाळं लावलं, पावशेराचं माप भरून तेल बरणीत ओतलं. ओतून झालं तरी माप काढून घेतलं नाही. ते तसंच नरसाळ्यावर पालथं धरून उभी राहिली. घाईत असलेली मी म्हणाले, "झालं की."

"थांबा," नरसाळ्याच्या उंचीला डोळा लावून बसलेली मालन म्हणाली. "अजून हाय. मापाला लागलंय."

एक थेंब पडला. मग बऱ्याच वेळानं दुसरा. पारूबाईनं मापाच्या बुडावर दोन बोटं वाजवली. तिसरा पडला.

"मापात ऱ्हायलं ते गिऱ्हाईकाचं," पारूबाई म्हणाली. "त्ये ठेवून घेतलं तर चोरी झाली. ही पोरगी बसती ना हितं राखण करत, मला उचलूच देत न्हाई माप."

माझी कानशिलं तापली. काल मी पेला नीट न निथळता बाजूला ठेवला होता, आणि ही पोर त्या पेल्याकडे बघत होती. तिला ग्लासातलं पाणी किती उंच आलं याच्याशी देणंघेणंच नव्हतं. तिच्या घरात रोज जे मोजलं जातं ते तिनं मोजलं होतं, आणि खरोखरच, ग्लासात पाणी कमीच होतं.

"मालन, काल तू बैल वेगळा का म्हणालीस गं?"

ती माझ्याकडे, इतकंही कळत नाही का, अशा नजरेनं बघत म्हणाली, "त्यो येकटाच काम करतुया. बाकीची समदी बसून खात्यात. आंबा तर निसता लटकतुया."

बरणी तिथेच ठेवून मी सुटले ती थेट इनामदारबाईंच्या घरी. बाई चष्मा लावून तांदूळ निवडत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं, लाभ, थेंब, बैल. बाईंनी ऐकताना एक खडा काढला.

"हे सगळं छान आहे, गुरवबाई. पण यादी उद्या दुपारी लागायची आहे. एका मुलीची बाजू ऐकली की प्रत्येकाची ऐकावी लागेल. काल सावकार सबनीसांच्या नातवासाठी त्यांचे वकील येऊन गेले. तो म्हणे 'जास्त' म्हणाला, पण त्याच्या मनात 'सारखं' होतं."

"पण हिचं उत्तर खरं आहे, बाई."

"असेल. तुमच्या पुस्तकात आहे का?"

"नाही."

"हे पुस्तक तुम्हीच आणलंत ना? मी तर कान धरायला लावत होते." त्यांनी आणखी एक खडा काढला. "उद्या दहा वाजता तिला आणा. पाण्याचा प्रश्न मी स्वतः विचारीन. पुस्तकात आहे ते उत्तर आलं तर तिचे चार होतील. नाही आलं तर तुम्ही पुन्हा हा विषय काढायचा नाही."

मी कबूल केलं. बाहेर पडले आणि रस्त्यातच थांबले. मालन काय बोलणार ते मला पक्कं ठाऊक होतं. ती "कमी" म्हणणार, फुली पडणार, आणि तिच्या बहिणीसारखंच तिचंही पुढलं वर्ष कधी येणार नाही. मग मी जे केलं ते माझ्या पदविकेच्या कुठल्याही पानावर लिहिलेलं नव्हतं. मी परत घाण्यावर गेले, तेलाची बरणी घेतली, आणि मालनला एका बाजूला बोलावलं.

"मालन, उद्या मोठ्या बाई पाणी ओततील. मग विचारतील, जास्त, कमी की सारखं. तू काय म्हणायचं? सारखं."

"पर त्ये सारखं न्हाई की."

"नसू दे. तरी म्हणायचं."

"का?"

"म्हटलंस तर शाळेत घेतील."

तिनं मान हलवली. "आये म्हणती, मापात खोटं बोलू न्हाई."

"हे माप नाही. ही परीक्षा आहे."

"पेल्यात पानी हाय ना?"

"आहे."

"मग माप हाय की," ती म्हणाली आणि बैलाला पेंड घालायला निघून गेली. सहा वर्षांच्या पोरीनं मला तिथंच गार केलं. त्या रात्री पोरीला खोटं शिकवल्याची लाज वाटत होती, आणि ती माझं ऐकणार नाही म्हणून धास्तीही.

शनिवारी दहाला पारूबाई दोन्ही मुलींना घेऊन आली. थोरली हौसा कडेवर धाकट्याला घेऊन व्हरांड्याच्या खांबाला टेकली. मालनचे केस तेल लावून इतके चापून बसवले होते की डोकं लखलखत होतं. इनामदारबाई टेबलापाशी बसल्या. हिरवं पुस्तक उघडून त्यांनी चष्म्याला टेकवलंच म्हणायचं, इतक्या जवळून वाचलं. पुस्तकात सांगितलं होतं अगदी तसेच दोन पेले भरले.

"दोन्ही पेल्यांत पाणी सारखं आहे का?"

मालननं नेहमीची तपासणी केली. "हाय."

बाईंनी एक पेला उचलून उंच ग्लासात ओतला. माझ्यासारखाच, न निथळता. पेला हातात धरूनच त्यांनी विचारलं, "आता ह्यात जास्त आहे, कमी आहे, की सारखं आहे?"

मालननं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग तिनं व्हरांड्यातल्या आईकडे पाहिलं. पारूबाई पदराचं टोक चघळत होती. खोलीतलं घड्याळ टकटक करत होतं. बाईंनी पेन्सिल उचलली आणि मी मनात म्हटलं, झालं, संपलं.

"जरा थांबा, बाई," मालन म्हणाली.

ती बाकावरून उतरली. टेबलापाशी गेली. टाचा उंचावून तिनं इनामदारबाईंच्या हातातला पेला काढून घेतला. मुख्याध्यापिकेच्या हातून वस्तू काढून घेणारं माणूस मी त्या शाळेत तोवर पाहिलं नव्हतं. तिनं पेला उंच ग्लासावर पालथा धरला आणि वाट पाहत उभी राहिली. एक थेंब पडला. मग आणखी एक. तिनं पेल्याच्या बुडावर दोन बोटं वाजवली. शेवटचा थेंब काठाशी रेंगाळला, लांबला आणि पडला. मग तिनं पेला सरळ करून आत बघितलं, फ्रॉकला हात पुसले आणि म्हणाली,

"आता सारखं."

इनामदारबाई पुस्तकाकडे बघत राहिल्या. त्यांनी एक पान उलटलं, मग पुढचं, मग पुन्हा मागचं. अखेर पुस्तक मिटलं.

"गुरवबाई, हे तुम्ही शिकवलंत का?"

त्या पोरीसमोर खोटं बोलायची हिंमत मला होईना. "मी 'सारखं' म्हण असं शिकवलं होतं, बाई. काल संध्याकाळी घाण्यावर जाऊन. तिनं ते ऐकलं नाही."

"बरं झालं नाही ऐकलं," बाई म्हणाल्या. आता मला पुण्याची गाडी पकडावी लागणार असं वाटत होतं, पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं. त्यांनी मालनच्या कागदावरच्या पाण्याच्या फुलीवर बरोबरची खूण केली, आणि पेन्सिल थांबवावी की नाही असा क्षणभर विचार करून बैलावर आणि लाभावरही केली. "सहापैकी सहा. माझ्या परीक्षेत हाताची लांबी तरी खरी मोजली जायची हो."

त्या उठून व्हरांड्यात गेल्या. पारूबाई घाईनं उभी राहिली.

"ही कोण?"

"थोरली, बाई. हौसा. तुमीच बगितला व्हता की तिचा हात."

बाई हौसाकडे बघत राहिल्या. तिचे दोन्ही हात भावाला सावरण्यात गुंतले होते. "शाळा उघडली की मालनबरोबर हिलाही आणा."

"आणि धाकट्याला कोण बघंल?"

"त्यालाही आणा. कोपऱ्यात झोळी बांधू. त्याला अजून परीक्षा नाही."

पारूबाई हसली, आणि हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला. मालन मात्र पेल्यातलं पाणी आता फेकून देणार की झाडाला घालणार, हे शिपायाला विचारत होती.

तिघी गेल्यावर मला हुश्श झालं. मी पेटी आवरायला घेतली. इनामदारबाईंनी टेबलावरचा फुल्यांचा गठ्ठा समोर ओढला. मालनचा कागद काढून घेतल्यावर त्यात अकरा कागद उरले होते.

"ह्या अकरा जणांना त्यांनी असं उत्तर का दिलं, ते विचारलंत का?"

"नाही, बाई."

"एकालाही नाही?"

"पुस्तकात विचारायला सांगितलेलं नाही."

"यादी सोमवारी लावू," त्या म्हणाल्या. "सतरंजी मोठी आहे आपली. पेटी राहू दे इथंच. छत्री घ्या, ऊन फार आहे."

उन्हातून आम्ही दोघी पेठेत निघालो. पहिलं घर विहिरीपलीकडचं, इलाही मुलाणीचं. तो माझ्या परीक्षेत मातीच्या गोळ्यांवर अडकला होता. दोन सारखे गोळे दाखवून मी विचारलं होतं, सारखे आहेत का? हो म्हणाला होता. मग एक गोळा चपटा करून पुन्हा विचारलं, तेव्हा तोंडात गुळणी धरल्यासारखा गप्प बसला. मी शेऱ्यात लिहिलं होतं, आकलन नाही.

तो पायरीवर बसून कोंबडीच्या पिलांना दाणे टाकत होता. मला पाहून उठायला लागला.

"बस बस," इनामदारबाई म्हणाल्या. "इलाही, परवा ह्या बाईंनी मातीचं विचारलं तेव्हा गप्प का रे बसलास?"

त्यानं आधी बाईंकडे, मग माझ्याकडे पाहिलं. सांगावं की नाही याचा थोडा विचार केला.

"त्यांनी दोनदा इचारलं की."

"मग?"

"म्या पयल्यांदाच सांगितलं व्हतं, सारखं हाय म्हणून. तरी त्यांनी पुन्यांदा तेच इचारलं. आता माझं चुकलं का त्यांना ऐकू आलं न्हाई, ते मला कळंना."

इनामदारबाईंनी हळूच माझ्याकडे पाहिलं. मी छत्री मिटली आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"तुझं नव्हतं चुकलं," मी म्हणाले. "मलाच ऐकू आलं नव्हतं."

"व्हय?" इलाही म्हणाला. त्याला एकदम माझी दया आली असावी. तो सरकून जवळ आला, माझ्या कानाशी दोन्ही हातांचा कर्णा केला, आणि विहिरीवरच्या बाया वळून बघतील इतक्या मोठ्यानं ओरडला,

"सारखं हाय!"